पोकळ भिंतीवर जड लाकूड : खर्च किती, भरवसा किती

सागवानाची फळी महाग, सुताराची मजुरी महाग, आणि हे सगळे ज्यावर उभे राहायचे तो बोल्ट वीस रुपयांचा. गावाकडच्या नव्या घरांत फळ्या, कपाटे, छपरीच्या तुळया निखळतात तेव्हा दोष लाकडाचा क्वचितच असतो. दोष असतो भिंत न ओळखता केलेल्या भोकाचा. म्हणून मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर समोर ठेवून हा हिशेब मांडला आहे. परतवाडा, चांदूर बाजार, अकोट, मूर्तिजापूर इथेही तो तसाच लागू पडेल. भाव अंदाजाचे आहेत. दुकान, गाव आणि हंगाम बदलला की त्यात फरक पडतो, तेव्हा खरेदीपूर्वी निदान दोन दुकानांत विचारून घ्यावे.

रिद्धपुरात आज एकाच गल्लीत चार तऱ्हांच्या भिंती भेटू शकतात. जुन्या माळवदी घराची हात-दीड हात जाडीची मातीची भिंत, तिच्या शेजारी भट्टीच्या लाल विटेची नऊ इंची, पलीकडे राखेच्या करड्या विटेची आणि मागच्या बाजूला वाढवलेल्या खोलीची सिमेंटच्या पोकळ ब्लॉकची. प्लास्टर आणि रंग चढला की सगळ्या सारख्याच दिसतात. मराठी भाषा विद्यापीठ २०२४मध्ये गावात सुरू झाले. शिकायला येणाऱ्यांना राहायला खोली लागणार आणि खोलीत पुस्तकांची फळी लागणार. म्हाइंभटांनी जिथे लीळाचरित्र सिद्ध केले त्या गावात पुस्तकांच्या फळ्या मजबूत असाव्यात, असे मला मनापासून वाटते. पुस्तके दिसतात त्याहून फार जड असतात. उभी लावलेली पुस्तके फुटामागे सहज दहा किलो भरतात.

पहिले काम भिंत ओळखण्याचे. नुसते ठोकून पाहू नका, कारण प्लास्टर सुटले असेल तर भरीव भिंतही पोकळ वाजते. लाकूड जिथे बसणार आहे, म्हणजे भोक नंतर झाकले जाणार आहे, तिथे ६ मिलिमीटरच्या बिटाने एक चाचणी-भोक पाडा. ड्रिलचा हातोडा बंद ठेवा, नुसते फिरवा. आधी प्लास्टरची भुकटी येईल. आतल्या भिंतीला ते अर्धा ते पाऊण इंच असते, बाहेरच्या भिंतीला त्याहून जाड. मग भुकटीचा रंग बदलेल. लाल आली तर भट्टीची वीट. करडी आली आणि बिट सतत जोर मागत राहिले, तर राखेची वीट किंवा भरीव ब्लॉक. करडीच आली, पण इंच-सव्वा इंच गेल्यावर बिट एकदम पुढे घसरले, तर ब्लॉक पोकळ आहे. पांढरी, खडूसारखी भुकटी लोण्यातून गेल्यासारखी आली तर हलका एएसी ब्लॉक. आता एका तारेचे टोक काटकोनात वाकवून भोकात घाला आणि हलकेच ओढा. टोक आतल्या बाजूला अडकेल. तिथून भिंतीच्या तोंडापर्यंतचे अंतर मोजा आणि प्लास्टरची जाडी वजा करा. उरली ती कवचाची खरी जाडी. आठ इंची पोकळ ब्लॉकमध्ये ती बहुधा २५ ते ३५ मिलिमीटर निघते. तुमचे सगळे वजन तेवढ्यावर जाणार आहे. या चाचणीला खर्च पन्नास-साठ रुपयांच्या बिटाचा.

नवे घर बांधणाऱ्यांमध्ये क्वचित कुणी उभ्या विटांची, मध्ये पोकळी ठेवलेली नऊ इंची भिंतही करतात. केरळात लॉरी बेकर यांनी हा प्रकार रूढ केला. त्यात विटा बऱ्याच वाचतात आणि उन्हाचा तडाखाही कमी लागतो. तिथे कवच एका विटेच्या जाडीचे, म्हणजे तीन इंचांचे असते. ते पोकळ ब्लॉकपेक्षा पुष्कळ बरे, तरी मध्ये पोकळी आहेच, ती विसरून चालत नाही.

दुकानात ‘जड काम आहे, मजबूत काहीतरी द्या’ म्हटले की पुढे येतो लोखंडी अँकर फास्टनर. दहा मिलिमीटरचा पंधरा ते तीस रुपयांना मिळतो. वस्तू चांगली आहे, पण काँक्रीटसाठी. बोल्ट आवळला की त्याची बाहेरची नळी फुगते आणि भोवतालच्या मालाला बाहेर रेटते. या रेट्यावरच तिची सगळी पकड असते. स्लॅब, कॉलम, बीम हा रेटा सोसतात. पोकळ ब्लॉकचे इंचभर कवच मात्र त्याने आतून तडकते. कठीण पोकळ वीट अधिक धोक्याची, कारण कठीण माल वाकत नाही, थेट फुटतो. राखेच्या भरीव विटेत फास्टनर चालतो. मात्र भोक विटेच्या मधोमध घ्या, कडेला किंवा सांध्यात नको. बिट आधी न ठोकता फिरवा, रुतल्यावर अगदी हलका हातोडा द्या. पोकळ ब्लॉकला हातोडा बिलकूल लावू नका. बिट कवचाच्या आतल्या तोंडातून बाहेर पडताना मागचा कपचा उडवते आणि सव्वा इंचाचे कवच त्या जागी पाऊण इंचावर येते. बाहेरून भोक गोल, सुबक दिसते, त्यामुळे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

जुन्या सुतारांची लाकडी खुंटीची रीत पुष्कळांना ठाऊक असेल. भिंतीत तोंडाशी लहान आणि आत रुंद असा चौकोनी खड्डा कोरायचा, त्यात गुटका बसवून सिमेंटने जाम करायचा आणि स्क्रू त्या गुटक्यात घ्यायचा. भरीव जाड भिंतीत ही रीत आजही वाईट नाही. पोकळ ब्लॉकमध्ये मात्र कोरतानाच कवच जाते. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. त्या कोरड्या झळांत ओलसर गुटका आक्रसतो आणि स्क्रू सैल होतो. खुंटी करायचीच असेल तर लाकूड पूर्ण वाळलेले हवे.

मग पोकळ भिंतीत चालते काय? हलक्या ते मध्यम वजनाला लांब नायलॉनची गिट्टी, १० मिलिमीटर जाडीची आणि शंभर मिलिमीटर लांबीची, स्क्रूसह दहा ते वीस रुपयांना एक. ती पोकळीत गेल्यावर पसरते किंवा तिला गाठ पडते, त्यामुळे कवचाला मागून धरते. साधी पांढरी आखूड गिट्टी हे करू शकत नाही. पाकिटावर पोकळ विटेचे चित्र किंवा उल्लेख आहे का, ते बघून घ्या.

त्यापुढचे म्हणजे केमिकल अँकर. भोकात आधी जाळीची नळी घालायची, तिच्यात बंदुकीने दोन भागांचा लेप भरायचा आणि मग आटेदार सळई फिरवत आत सारायची. लेप जाळीतून पोकळीत बाहेर येतो आणि कवचाच्या मागे घट्ट गाठ तयार होते. भिंतीवर बाहेर रेटणारा ताण येत नाही, हा याचा मोठा गुण. तीनशे मिलिलिटरची नळकांडी सहाशे ते नऊशे रुपयांना, जाळीची नळी वीस ते चाळीस रुपये, सळईचा तुकडा नट-वॉशरसह पंचवीस ते चाळीस. एका नळकांडीत पोकळ भिंतीची आठ-दहा भोके होतात. इथे पैसा वाचवायची एकच जागा आहे. सगळी भोके आधी पाडून, ब्रशने आणि फुंकणीने साफ करून ठेवा आणि लेप एका दमात भरा. मध्ये थांबलात तर तोटीतच लेप आळतो आणि नवी तोटी लागते. उन्हाळ्यात हे काम सकाळी करा. तापलेल्या भिंतीवर लेप काही मिनिटांत धरतो आणि सळई अर्ध्यातच अडकते. नळकांडीवरची मुदत बघा, आणि तोटीतून पहिला एकसारखा रंग येईपर्यंतचा लेप कागदावर टाकून द्या. तो नीट मिसळलेला नसतो. मजूर तो वाया घालवायला नको म्हणून भोकात भरतात. नेमके तेच भोक पुढे सुटते.

आणि सगळ्यांत भरवशाचे, सगळ्यांत जुने : आरपार बोल्ट. भिंतीच्या पलीकडची बाजू आपलीच असेल तर बारा मिलिमीटरची आटेदार सळई भिंतीतून आरपार काढायची, मागे चार इंची चौकोनी, सहा मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी लावायची आणि नट आवळायचा. एक मीटर सळई शंभर ते दीडशे रुपये, पट्टी साठ ते नव्वद. पट्टी वजन पसरवते, त्यामुळे कवच फुटत नाही. नट मात्र बेताने आवळा. भिंत आतून पोकळ आहे, फार ताणले तर दोन कवचे एकमेकांकडे ओढली जाऊन चिरडतात. बाहेरच्या बाजूला भोकाभोवती सिलिकॉन भरा. दीडशे-दोनशे रुपयांची नळी असते. ती वाचवली तर श्रावणात त्याच भोकातून पाणी खोलीत उतरते.

आता पुस्तकांच्या फळीचा हिशेब मांडू. पाच फूट लांब, दहा इंच रुंद, इंचभर जाड अशा दोन फळ्या. एका फळीवर पन्नास किलो पुस्तके आणि फळीचे स्वतःचे सहा-सात किलो. सागवान घनफुटाला साधारण अठरा ते वीस किलो भरते, आणि अशा एका फळीला एक तृतीयांश घनफुटाहून थोडे अधिक लाकूड लागते. म्हणजे प्रत्येक फळीला सत्तावन्न-अठ्ठावन्न किलो धरा. माणसे एवढाच आकडा धरून घाबरतात किंवा निश्चिंत होतात. खरा प्रश्न वरच्या स्क्रूवरच्या ओढीचा आहे. वजनाचा मध्य भिंतीपासून पाच इंच पुढे आहे. ब्रॅकेटच्या वरच्या स्क्रूपासून खालच्या टोकापर्यंतची उंची आठ इंच असेल तर ओढ येते अठ्ठावन्न गुणिले पाच भागिले आठ, म्हणजे छत्तीस किलो. ती तीन ब्रॅकेटांत वाटली की प्रत्येकी बारा. तेच ब्रॅकेट चार इंच उंचीचे घेतले तर ओढ दुप्पट होते. दहा-वीस रुपयांनी महाग असे उंच ब्रॅकेट हा अँकरवरच्या खर्चाहून मोठा फायदा आहे, आणि दुकानदार तो सहसा सांगत नाहीत.

बारा किलो म्हणजे काहीच नाही, असे मात्र समजू नये. तीस किलोचे पोर वरच्या फळीच्या पुढच्या कडेला एका ब्रॅकेटपाशी लोंबकळले तर दहा इंचांवरच्या त्या वजनाची एकाच ब्रॅकेटवर सदतीस किलोंची जादा ओढ येते. म्हणून हिशेबाने येईल त्याच्या चौपट धरूनच अँकर निवडावा, आणि पाकिटावरचा आकडा तुटण्याचा आहे की सुरक्षित वजनाचा, हे विचारावे. त्या दोन आकड्यांत कित्येक पटींचा फरक असतो.

खर्चाचे म्हणाल तर दोन फळ्यांना घट धरून पाऊण ते एक घनफूट सागवान. परतवाड्याच्या बाजारात प्रतीप्रमाणे घनफुटाला अडीच हजारांपासून पाच हजारांपर्यंत धरून चाला. सहा ब्रॅकेट पाचशे ते नऊशे. बारा लांब गिट्ट्या दीड-दोनशेच्या आसपास, केमिकल करायचे तर दोन नळकांडी, जाळ्या आणि सळया धरून सतराशे ते पावणेतीन हजार. सुताराचा दिवस नऊशे ते बाराशे. ड्रिल भाड्याने आणायचे तर दिवसाला तीनशे ते पाचशे. गिट्ट्या घेतल्या तर एकूण पावणेचार ते आठ हजार, आणि या फरकाचा बहुतेक भाग लाकडाच्या प्रतीचा.

पण माझे मत विचाराल तर मी या फळ्या भिंतीवर टांगणारच नाही. साडेसहा फुटांचे दोन उभे पाय, तीन बाय दीड इंचाचे, खाली फरशीवर टेकवा. दोन्हींना मिळून चार दशांश घनफूट लाकूड लागते, बाभळीचे घेतले तर साडेतीन-चारशे रुपयांचे. पाच फुटांचा पल्ला इंचभर फळीला पेलत नाही, म्हणून मध्ये तिसरा पाय घ्या, आणखी दोनशे. सहा ब्रॅकेटांचा खर्च वाचतो. सगळे शंभर-सव्वाशे किलो जमिनीवर उतरते आणि भिंतीला काम उरते ते फक्त घोडी पुढे कलंडू न देण्याचे. त्याला वरच्या बाजूला लांब गिट्टीचे तीन स्क्रू पुरतात. जुन्या वाड्यांत आणि माळवदी घरांत हेच तत्त्व होते. भार लाकडी खांबांवर, भिंत आडोशाला. पोकळ ब्लॉकच्या घरात तिच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवणे शहाणपणाचे आहे.

छपरीचे काम वेगळे, आणि खरी काळजी तिथे हवी. घराच्या भिंतीला बारा फुटांची तुळई बोल्टने धरायची, पुढे दोन खांब आणि वर टिनाचे पत्रे, असे छप्पर गावोगाव दिसते. आठ फूट पुढे येणाऱ्या अशा छपरीचे पत्रे आणि वासे मिळून वजन शंभर किलोच्या आसपास. निम्मे पुढच्या खांबांवर, निम्मे भिंतीवर. तुळईचे पंचवीस धरले तरी भिंतीला मोठेसे काही नाही. मिस्त्री म्हणतो, सहा फास्टनर पुष्कळ झाले. पण त्याने वजन खाली ओढणारे धरले आहे, आणि आपल्याकडचा उन्हाळी वादळवारा ओढतो वर. ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सत्तेचाळीस किलोंच्या घरात जातो. बारा बाय आठ म्हणजे जवळजवळ नऊ चौरस मीटर. पत्र्याखालून हवा शिरली तर चारशे किलोंपर्यंतची उचल होऊ शकते आणि तीही झटक्यांनी. त्यातली निम्मी भिंतीवरच्या बोल्टांवर येते. इंचभर कवचात फुगवलेले सहा फास्टनर या झटक्यांपुढे टिकतील, यावर कुणाचे घर सोपवू नये.

तिथे आरपार बोल्टच हवेत. पाच बाय तीन इंचाची बारा फुटी तुळई सव्वा घनफुटाची. आठ इंची भिंत, दोन्ही प्लास्टर, तुळई आणि नट मिळून चौदा इंचांचा तुकडा लागतो. मीटरभर सळईत दोन निघतात, म्हणजे सहा बोल्टांना तीन सळया. सहा पट्ट्या, नट आणि मोठे वॉशर धरून सगळे हजार ते तेराशे रुपये. लांब बिट साडेतीनशे ते सहाशे. फास्टनर घेतले असते तर दोनशेच्या आत काम झाले असते. या दीड हजारांच्या फरकासाठी घासाघीस करू नका. ज्या खणांतून बोल्ट जातात ते पोकळ खण बारीक खडीच्या काँक्रीटने भरून घेतले तर उत्तमच. अर्धी गोणी सिमेंट आणि गवंड्याचा अर्धा दिवस, सातशे-आठशे रुपये. पुढच्या खांबांचे पायही काँक्रीटमध्ये गाडलेले हवेत, नाहीतर उचल तिथून सुरू होते.

ज्यांचे बांधकाम अजून चालू आहे त्यांचे काम सर्वांत स्वस्तात होते. तुळई कुठे येणार, जड कपाट कुठे येणार, हे गवंड्याला आधी सांगा. त्या उंचीवर ब्लॉकच्या एका थराऐवजी सळई घातलेली काँक्रीटची आडवी पट्टी टाकायची आणि बोल्ट त्यातच गाडून ठेवायचे. लिंटेल टाकतानाच हे होते, त्यामुळे मजुरी जवळपास वाढत नाही. सहा-सात फुटांवरच्या लिंटेलच्या पट्टीत नंतर साधा फास्टनरही बिनघोर चालतो. म्हणून तयार घरातही आधी लिंटेल भिंतभर आहे का ते शोधा.

बंगईबद्दल थोडक्यात. दोन माणसे, पाट आणि साखळ्या मिळून पावणेदोनशे किलो, आणि झोक्याने ओढ दुपटीकडे जाते. पोकळ भिंतीत ब्रॅकेट ठोकून बंगई टांगू नये, मग अँकर कुठलाही असो. स्लॅबमध्ये किंवा बीममध्ये कडी घ्या, नाहीतर स्वतःच्या पायांवर उभी राहणारी लाकडी चौकट करा.

मजुरी ठरवताना काही गोष्टी आधीच बोलून घ्या. ड्रिल आणि बिट कुणाचे, कठीण विटेत बिट गेले तर भरपाई कुणाची, प्लास्टर फुटले तर दुरुस्ती कोण करणार. बहुतेक भांडणे या तीन गोष्टींवरून होतात. स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक घेऊ नका, वायर तिथूनच गेलेली असते. सागवान डेपोतून घेतले तर बिल आणि वाहतूक परवाना मागून घ्या. मोडलेल्या वाड्याचे जुने सागवान स्वस्त आणि मुरलेले मिळते, पण त्याचीही लेखी पावती हवी. जुन्या लाकडात गंजलेले खिळे असतात, ते काढल्याशिवाय रंद्याला देऊ नका. लाकडाच्या पाठीला उधईचे औषध लावा आणि तुळई व भिंतीमध्ये वॉशरने पाव इंचाची फट ठेवा, म्हणजे ओल धरत नाही.

अँकर, लेप, ब्रॅकेट यांचे पक्के बिल ठेवा. माल खोटा निघाला आणि दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर फोन करता येतो. अमरावती आणि अकोल्यात जिल्हा ग्राहक आयोग आहेत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि बिलाशिवाय ती उभी राहणे कठीण जाते. कामाचेही तसेच. मजुरीची रक्कम आणि काम कागदावर दोन ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्या.

काम संपले असे एवढ्यावर समजू नका. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, भिंती तिच्यासोबत थोड्या हलतात, आणि लाकूडही ऋतूप्रमाणे फुगते-आक्रसते. म्हणून लांब तुळईच्या टोकांकडची भोके गोल न घेता आडवी लांबट घ्यावीत. पहिल्या पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या साफसफाईत, आणि पुन्हा मेअखेर प्रत्येक नटाला पाना लावून पाहा. सैल झाला असेल तर पाव फेरा पुरे. बोल्टभोवती प्लास्टरवर केसाएवढी गोल चीर दिसली तर वजन उतरवा आणि तो बोल्ट काढून तिथे आरपार घ्या.